घाडीची रांग

पट्टा थांबवला तो मीच. पडद्यासमोर बसलेली माधुरी फक्त "दादा, काळं येतंय" एवढंच म्हणाली होती, आणि काळं तर दिवसातून वीसदा येतं. कुणाचा कुकर असतो, कुणाची गावाहून आणलेली पितळी समई, कुणी नळाच्या तोट्या घेऊन कामावर निघालेला असतो. यंत्रातून गेलेली वस्तू पडद्यावर रंगाने ओळखायची. कपडा, कागद, खायचं-प्यायचं नारिंगी दिसतं, धातू निळा, आणि ज्याच्या आरपार काहीच जात नाही ते काळं. काळं म्हणजे बॉम्ब नव्हे, काळं म्हणजे माहीत नाही. गेल्या महिन्यात वरून जे परिपत्रक आलं त्यात, माहीत नसलेली कोणतीही वस्तू मेट्रोच्या स्टेशनात सोडू नये, कोणालाही कोणत्याही कारणास्तव सवलत देऊ नये, असं ठळक अक्षरांत लिहिलंय. ते आमच्या टेबलामागच्या खांबावर चिकटवलंय. मी बटण दाबलं. रबराच्या झालरीखालून एक कापडी पिशवी अर्धी बाहेर येऊन थांबली, तिच्या तोंडातून लाल फडक्याची गाठ डोकावत होती. मला आठवलं की ही पिशवी ठेवताना कुणीतरी हळूच विचारलं होतं, "हातात धरून नेऊ का?" आणि मी न बघताच रोजच्यासारखं म्हटलं होतं, "पट्ट्यावर ठेवा." आता मी ओरडलो, "कोणाची ही?" एक म्हातारा पुढे आला आणि खाली मान घालून म्हणाला, "माझी. अस्थी आहेत."

मी माणसाच्या तोंडाकडे बघत नाही. आम्हाला तसंच शिकवलंय, हात बघा, कंबर बघा, चाल बघा. तोंड काय, तोंड सगळ्यांचंच सकाळी सव्वादहाला वाकडं असतं. त्यामुळे हा माणूस रांगेत उभा असताना मी त्याला बघितलंच नव्हतं. पण आवाज ऐकला आणि माझे कान तापले. नऊ वर्षांपूर्वी ह्याच आवाजाने अकरा माणसांसमोर म्हटलं होतं, "ह्या साहेबांनी बॉम्बला नमस्कार केला." मी मान वर केली. केस गेलेले, गळ्याची कातडी लोंबलेली, आठवड्याची पांढरी दाढी, सदऱ्याचं वरचं बटण चुकीच्या काजात. तरी तोच. शिवदास तेंडोलकर. त्याने माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली केली नाही, म्हणजे त्यानेही ओळखलं होतं. मला आनंद झाला, आणि तसं म्हणायला मला आजही लाज वाटत नाही. हा माणूस मला माझ्या रांगेत हवा होता. त्यासाठी मी नवससुद्धा बोललो असतो, पण नवस बोलायचं मी सोडलं तेही ह्याच्यामुळेच.

तेव्हा मी अंधेरीच्या बाजूच्या एका स्टेशनात होतो. मेट्रो नवी, यंत्रं नवी, आमचे निळे शर्टसुद्धा नवे, घडीची रेघ मोडलेली नव्हती. आमच्या बायकोने, दर्शनाने, त्या शर्टाला पहिल्या दिवशी हळदीचं बोट लावलं होतं. नवरात्राच्या आधी दोनतीन दिवस एक साधासा माणूस संध्याकाळचा येऊन आमच्या टेबलाजवळ थांबायचा. कुणाची तरी वाट बघतोय म्हणायचा. माझ्या छातीवरची पट्टी वाचून त्याने विचारलं, "घाडी? खंयचो रे तू?" अंधेरीत, त्या सगळ्या हिंदी-गुजराती-इंग्रजी गोंधळात, कुणी असं विचारलं की कोकणी माणसाची कुंपणं आपोआप पडतात. मी म्हटलं, कणकवलीकडचो. तो म्हणाला, मग गावाक जातस काय? मी म्हटलं, वर्साक एकदा, जत्रेक. आणि मग मी बोलतच सुटलो. आमच्या घराण्याकडे देवीपुढे गाऱ्हाणं घालायचा मान आहे, म्हणजे सगळ्या गावाच्या वतीने देवीशी बोलायचं ते घाड्यांनी, हे मी त्याला सांगितलं. आमची आवस, म्हणजे आई, ओटी भरल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नाही हे सांगितलं. आणि हेही मीच सांगितलं, माझ्याच तोंडाने, अगदी ऐटीत, की देवीसाठी ओटी एकदा घरातून काढली काय मध्ये खंय टेकवक नाय आणि परक्या माणसान तिका हात लावक नाय, लावलो तर ती ओटी बाटली. तो कौतुकाने मान हलवत राहिला. "अशे माणूस आता रवले नाय रे," म्हणाला. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला चहा पाजला.

अष्टमीच्या दिवशी सकाळी एक बाई आली. पन्नाशीची असेल, हिरवं लुगडं, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या, कपाळभर कुंकू, आणि हातात परातीएवढं ताट, वर खण पसरलेला, खणावर नारळ. ती पट्ट्यासमोर येऊन घुटमळली आणि म्हणाली, "दादा, देवीची ओटी आहे. ह्या पट्ट्यावरून लोकांच्या चपलांच्या पिशव्या जातात ना?" मला आजही वाटतं की ती हे म्हणताना अडखळली. नियम मला माहीत होता. पण तिच्या मागे वीस माणसं ताटकळत उभी होती, समोर नारळ होता, आणि माझ्या हाताला सवय होती ती यंत्राची नव्हती, चाळीस वर्षांची दुसरीच होती. "नका ठेवू वहिनी," मी म्हटलं, "जावा तशाच. आमच्यासाठीपण हात जोडा." आणि मी हात जोडले. अंगठे कपाळाला लावून वाकलो, आमच्याकडे वाकतात तसा, पूर्ण. वर छताला कॅमेरा होता. पाच मिनिटांनी मला वरच्या ऑफिसात बोलावलं. टेबलावर तेच ताट. खण बाजूला, तांदूळ एका कडेला लोटलेले, आणि तांदळांखाली साबणाच्या वडीएवढा काळ्या टेपात गुंडाळलेला गोळा, दोन वायरी, एक सेल. डमी. खोटा बॉम्ब. आम्ही जागे आहोत का ते बघायला वरचं पथक असे डमी पाठवतं, हे आम्हाला माहीत होतंच. पण ते बॅगेत येतील, जॅकेटात येतील असं आम्ही धरून चाललो होतो. पथकाचा साहेब खुर्चीत बसला होता, आणि तो म्हणजे मी चहा पाजलेला तोच माझा गाववाला होता. तेव्हा त्याने ते वाक्य म्हटलं. अकरा माणसं हसली, मी मोजली. बाई कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती, ती हसली नाही, माझ्या पायांकडे बघत राहिली. मला वाटलं, पोलिसातली असणार. मग कुणीतरी तो नारळ टेबलाच्या कडेवर फोडला, कारण नारळ खरा होता, फुकट कशाला घालवायचा, आणि तेंडोलकरने एक शकल माझ्यापुढे धरलं. "घे रे घाडी, प्रसाद." मी घेतलं आणि खाल्लंसुद्धा. बाकी सगळं एक वेळ मी विसरीन, पण ते खोबरं मी सगळ्यांसमोर उभा राहून चावून चावून खाल्लं, ते विसरणार नाही.

कामावरून काढलं त्याचं फार वाईट वाटायला नको होतं. काढायलाच पाहिजे होतं, एवढं मलाही कळतं. खरा असता तर माणसं मेली असती. पण माणसाला काढतात ते काढतात, त्याचा तमाशा का करतात? ती क्लिप त्यांनी ठेवून घेतली. मी वाकतोय, बाई ताट घेऊन पुढे जातेय, आणि बाणाने दाखवलंय, बॉम्ब इथे आहे. नव्या भरतीच्या प्रत्येक वर्गात ती दाखवायला लागले. कसं करू नये, ह्याचा नमुना. जुन्या मित्रांनी फोन करून सांगितलं, काय रे, तू तर हिरो झालास, देवाची करणी नि नारळात बॉम्ब! मीही फोनवर हसलो. मग सहा वर्षं मी देवनारला डम्पिंगच्या गेटवर वॉचमन होतो. आत येणाऱ्या गाड्या लिहून घ्यायच्या. तिथे कुणाची झडती घ्यायची नव्हती. कचऱ्यातून कोण काय लपवून नेणार, उलट सगळे टाकायलाच येत होते. घरी आलो की दर्शना कपडे दाराबाहेरच काढायला लावायची. त्या गेटवर बसून मी तेंडोलकरला किती प्रकारांनी मारलं ह्याला मोजदाद नाही. कधी तो गाडीखाली यायचा, कधी कचऱ्याच्या धुरात वाट चुकायचा आणि मी त्याला मुद्दाम उलटा रस्ता दाखवायचो. पण मारून समाधान होत नाही, हे मला तिथे कळलं. मेलेल्या माणसाला लाज वाटत नाही. मला तो जिवंत पाहिजे होता, चार लोकांत, हात बांधलेला, आणि त्याच्या हातात त्याला जपून न्यायची अशी काहीतरी वस्तू.

पहिल्याच वर्षी जत्रेला मी गावाला गेलो होतो. कामाचं कुणाला सांगितलं नव्हतं. देवळासमोर सगळा गाव जमला, मानकरी जमले, आणि मी गाऱ्हाणं घालायला पुढे झालो. पोरांबाळांचं बरं कर, शेतीवाडीचं बरं कर, मुंबईच्या चाकरमान्यांचं बरं कर, प्रत्येक मागण्याला गाव एकसुरात म्हणतो, "व्हय म्हाराजा." लहानपणापासूनचे शब्द, झोपेतही म्हणेन. पण मध्येच माझ्या तोंडून दुसरंच आलं. "जेणी माझा अन्न काढल्यान, माका चार माणसांत नागडो केल्यान, तेच्या घराचा वाटोळा कर." आणि गाव म्हणाला, "व्हय म्हाराजा." सवयीने म्हणाला. कुणाचं लक्ष नव्हतं, कुणी बायको शोधत होता, कुणी विडी. फक्त माझा धाकटा भाऊ माझ्याकडे बघत राहिला. त्यानंतर मी गावाला गेलो नाही. गाऱ्हाणं आता भाऊ घालतो. दर्शना एकटी जाते, ओटी भरून येते, आणि येताना माझ्यासाठी आणलेला अंगारा देव्हाऱ्यात ठेवते, मी लावत नाही हे माहीत असून.

तर आता ह्या लाल गाठीकडे बघताना माझ्या मनात पहिलं काय आलं असेल तर हेच, की लागलं म्हणायचं. पूर्ण गावाने दिलेला होकार नऊ वर्षांनी लागला. दुसरं आलं ते उलटं. हा पुन्हा तोच खेळ नसेल कशावरून? तीन महिन्यांनी एकदा डमी येतोच. आदल्याच आठवड्यात मुलुंडकडच्या एका डेपोत लहान मुलाच्या दुधाच्या डब्यात पाठवला होता, दोन गार्ड घरी गेले. रिटायर झालेले साहेब अशा कामाला परत बोलावतात. ओटीने फसला, आता अस्थींनी फसतो का बघू. मी त्याच्या पायांकडे बघितलं. चपला होत्या, टाचा फुटलेल्या. सोबत कुणी नव्हतं. पण त्या दिवशी बाईसोबत तरी कोण होतं? मी माझ्या मनाला चारचारदा विचारलंय, तू उघडायला सांगितलंस ते डमीच्या भीतीने की सूड म्हणून? खरं सांगायचं तर डमीची भीती होती, पण ती मला देवाने पाठवल्यासारखी सोयीची होती. नियम माझ्या बाजूने होता. खांबावर चिकटवलेला होता. इतकी वर्षं ज्या नियमाने मला मारलं तोच आज माझ्या हातात होता, मग मी का सोडू?

आणि अक्षता होती. अक्षता आमची मुलगी, बावीस वर्षांची. ती आठ महिन्यांपूर्वी ह्याच कामात भरती झाली. मी नको म्हणत होतो, का ते सांगत नव्हतो. मला स्वतःला दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एजन्सीने इथे घाटकोपरला घेतलं होतं. मेट्रोच्या नव्या लायनी निघाल्या, माणसं कमी पडली, जुना शेरा कोण बघतो? त्याआधीच्या गुरुवारी अक्षता रिफ्रेशरवरून, म्हणजे उजळणीच्या वर्गावरून आली, असल्फाचा चढ चढून घामाघूम, बॅग खाली न ठेवताच माझ्यासमोर उभी राहिली. "बाबा, आज आम्हाला एक क्लिप दाखवली." मी टीव्हीचा आवाज वाढवला. तिने बंदच केला. "सगळे हसले. मीपण हसले रे आधी. वरून कॅमेरा ना, नुसतं टक्कल दिसत होतं. मग तू अंगठे कपाळाला लावलेस तेव्हा कळलं." आतून दर्शना म्हणाली, "गप गं." अक्षता गप्प बसली नाही. "मग मी उभी राहिले आणि सांगितलं, माझे बाबा आहेत ते. आमच्यात ओटीला असा हात लावत नाहीत, म्हणून नाही लावला." मी म्हटलं, "कोणी विचारलं होतं तुला?" ती म्हणाली, "लपवू काय मग? चोरी केलीस काय तू?" मला तिचा राग आला. ती माझ्या बाजूने बोलत होती हे मला कळत होतं, पण माझ्या कानात तिचं बोलणं नव्हतं. तिचं आधीचं हसणं होतं, जे मी ऐकलंही नव्हतं. चार दिवस तेच ऐकत होतो. पाचव्या दिवशी तेंडोलकर माझ्या पट्ट्यासमोर उभा राहिला.

"उघडा," मी म्हटलं. आवाज मोठा निघाला. तो म्हणाला, "तांब्याचा कलश आहे, म्हणून दिसत नसेल. दाखला आहे माझ्याकडे स्मशानाचा." त्याने खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला कागद काढला. माधुरी म्हणाली, "दादा, कागद आहे ना, जाऊ दे ना त्यांना." मी खांबाकडे बोट केलं. "कागद माणसाचा आहे. भांड्यात काय आहे ते कागदावर नाही." तो जरा पुढे झाला आणि हळू आवाजात म्हणाला, "बाजूला घेऊ या का? त्या बायकांच्या तपासणीच्या पडद्यामागे?" मला हवं होतं ते हेच. त्याने विनंती करावी. मी म्हटलं, "नाही. टेबलावर, कॅमेऱ्याखाली." आणि मी टेबल स्वतः सहा इंच सरकवलं, कॅमेऱ्यात सगळं नीट यावं म्हणून. दाखवा म्हटलं वर्गात. ही पण दाखवा.

वहीत नाव लिहावं लागतं. मृताचं नाव? "वनमाला शिवदास तेंडोलकर." नातं? "पत्नी." कुठे चाललात? "वर्सोव्याला. मढच्या फेरीबोटीतून खाडीत सोडायच्या आहेत. तिची इच्छा होती." मी मुद्दाम हळूहळू लिहिलं, प्रत्येक अक्षर सुटं. अस्थी वाटेत टेकवायच्या नसतात हे मला माहीत आहे, त्यालाही माहीत होतं. त्याने कलश पिशवीतून काढला आणि टेबलावर ठेवण्यापूर्वी क्षणभर हातातच धरून ठेवला. मी म्हटलं, "ठेवा." त्याने ठेवला. गाठ कुणीतरी पक्की बांधली होती, बायकी गाठ, दुहेरी. त्याची नखं तिच्यात शिरेनात. मागून एकजण "ओ भाई, ट्रेन निकल रही है" म्हणाला, कुणीतरी त्याला गप्प केलं. एका बाईने डोक्यावर पदर घेतला, दुसरीने पोरीचं तोंड आपल्या पोटाशी वळवलं. मला मदत करता आली असती, आमच्याकडे कात्री असते. मी दिली नाही. शेवटी त्याने दात लावले गाठीला. म्हातारा माणूस, वाकून, दातांनी गाठ सोडवतोय, आणि मी हातमोजे चढवून उभा. ज्या क्षणासाठी मी देवनारच्या धुरात सहा वर्षं बसलो तो हा क्षण होता, आणि तो मी पुरेपूर घेतला. खोटं कशाला बोलू?

फडकं सुटलं, झाकण निघालं. आत राखाडी, पांढरट तुकडे, वर दोनचार तुळशीची सुकलेली पानं. डमी नव्हता. इथेच मी पुरे म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "खालचं दिसत नाही. हलवून दाखवा." माधुरी उठून उभी राहिली. "दादा, काय चाललंय तुमचं?" तेंडोलकरने तिच्याकडे बघून मान हलवली, राहू दे अशा अर्थाने, आणि हात आत घातला. मोजा नाही, काही नाही. त्याने एकेक तुकडा बाजूला केला, फार हळू, मला तळ दिसेपर्यंत. दोन तुकडे टेबलावर पडले आणि एक खाली फरशीवर. तो वाकला. मी वाकलो नाही. तो उठला तेव्हा त्याच्या तळहातावर त्या तुकड्याबरोबर एक हिरवी काच होती, वितळून गोळा झालेली, चिंचोक्याएवढी. त्याने ती अंगठ्याने पुसली. "बांगड्या काढू दिल्या नव्हत्या तिने," तो म्हणाला, माझ्याशी नव्हे, उगाच. मी त्या हिरव्या काचेकडे बघत राहिलो. माझ्या डोळ्यांसमोर दोन हात आले, परातीएवढं ताट धरलेले, दोन्ही हिरव्या बांगड्यांनी भरलेले. माझ्या तोंडून निघून गेलं, "ती बाई?"

"व्हय," तो म्हणाला. नऊ वर्षांनी पुन्हा मालवणीत. बाकीच्यांना कळू नये म्हणून असेल, किंवा त्याच्याही अंगवळणी तेच असेल. "पथकाक बाईमाणूस गावला नाय, म्हणान मी तिकाच घेऊन इललंय. माका वाटला, गंमत. तिना त्या दिसापासून देवीची ओटी भरल्यान नाय. म्हणी, मी त्या माणसाचा वायट केलंय." त्याने झाकण लावलं, फडकं ओढलं. "हॉस्पिटलात जाताना ह्याच स्टेशनावरून जायचो आम्ही. तुका बघी ती रोज. त्या बाजूच्या रांगेतसून जावया म्हणी, तुझ्यासमोर यायची लाज वाटे तिका. आणि शेवटी शेवटी सांगितल्यान, माका न्हेताना घाडीच्या रांगेतसून न्हेवा. तो उघडूचो नाय." गाठ त्याला पहिल्यासारखी बांधता आली नाही. साधी एक फासाची मारली, कलश छातीशी धरला आणि जिन्याकडे गेला. मी पट्टा सुरू केला. रांग पुढे सरकली, बॅगा टाकताना माणसं माझ्याकडे बघत होती, म्हणजे तोंडाकडे. फरशीवर जिथे तो तुकडा पडला होता तिथे मी पाय पडू दिला नाही, टेबल परत जागेवर न नेता तिथेच राहू दिलं.

मला पश्चात्ताप झाला असं कुणी समजू नये. मी नियम पाळला. नियम त्यानेच मला शिकवला होता, खोबऱ्याच्या शकलाबरोबर. सुपरवायझरने संध्याकाळी पाठीवर थाप मारली, "घाडी, कॅमेऱ्यात बघितलं, एक नंबर. असा गार्ड पाहिजे." वर्षानुवर्षं मला हेच वाक्य ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर मला भूक लागली, एवढंच. मात्र एक गोष्ट झाली. त्या दिवसापासून मी गाऱ्हाणं आठवायचा प्रयत्न करतोय आणि मला ते सलग आठवत नाही. पोरांबाळांचं बरं कर, इथपर्यंत येतं. पुढे गावाचा "व्हय म्हाराजा" ऐकू येतो, पण आपण काय मागितलं ते सापडत नाही. भावाला फोन करून विचारता येईल. नंबर दोनदा काढला, लावला नाही. तिचं काय चुकलं होतं, असंही मनात येतं. ती अडखळली होती, आणि मी तिला वहिनी म्हटलं होतं. पण हे असं मनात आलं की मी लगेच त्या अकरा माणसांना आठवतो, एकेकाचे दात आठवतो, आणि ठीक होतो.

तीन आठवडे झाले. आज रविवार, दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. दर्शनाने बांगड्याचं तिखलं केलं होतं. अक्षता काल दिवसभर पुन्हा रिफ्रेशरला गेली होती, आणि आत्ता भात नुसता चिवडत होती. काटा काढता काढता ती म्हणाली, "काल तुझी नवीन क्लिप दाखवली." मी म्हटलं, "हं." माझं काळीज धडधडायला लागलं होतं, बक्षीस मिळणाऱ्या पोराचं धडधडतं तसं. "टेबल वगैरे सगळं नीट दिसतं. आवाज नाहीये. मॅडम म्हणाल्या, हे बघा, असं पाहिजे. समोर कोण आहे, काय आहे, काही बघायचं नाही." मी विचारलं, "हसलं का कोणी?" "नाही. कोणीच नाही हसलं." तिने घास उचलला आणि परत ठेवला. "तो दातांनी गाठ सोडतो ते पण आहे त्यात. आणि खाली वाकतो ते. माझ्या बाजूची पोरगी रडायला लागली."

दर्शना माझ्याकडे बघत होती. मला तिथेच थांबायला पाहिजे होतं, पण मला ते हवंच होतं, नऊ वर्षं हवं होतं, मी कसा थांबणार? "मग सांगितलंस का," मी विचारलं, "माझे बाबा आहेत म्हणून?"

अक्षता ताट घेऊन उठली. मोरीवर जाऊन तिने नळ सोडला, हात धुतले, पुन्हा धुतले.

"नाही," ती तिथूनच म्हणाली. "ह्या वेळी नाही सांगितलं."